वाट चुकलेल्या पक्ष्याचा पंचनामा

अमेरिकेतील अलास्का राज्याच्या अंतर्भागात, डेनाली महामार्गाच्या परिसरात, ऑगस्ट २०२० च्या अखेरीस एक प्रचंड गरुड दृष्टीस पडला. सर्वांग गडद तपकिरी. खांदे, मांड्या आणि शेपटी मात्र शुभ्र. आणि चोच इतकी मोठी व पिवळीधमक की, दुसऱ्या कोणत्याही पक्ष्याशी त्याची गल्लत होऊ नये. तो स्टेलरचा समुद्र गरुड होता. त्याची छायाचित्रे घेतली गेली. पुढील दीड वर्षात याच जातीचा गरुड टेक्सासमध्ये, मग पूर्व कॅनडात आणि अखेरीस अटलांटिकच्या किनाऱ्यावर दिसला. या सर्व ठिकाणच्या छायाचित्रांमुळे एकाच पक्ष्याचा खंडव्यापी प्रवास मांडता आला. छायाचित्र हा केवळ शोभेचा वा स्पर्धेचा विषय नसून तो एक दस्तऐवज कसा ठरू शकतो, हे समजून घेण्यासाठी या गरुडाची कथा उपयोगी आहे.

घर सोडलेला गरुड

अठराव्या शतकात बेरिंगच्या मोहिमेबरोबर गेलेल्या गेओर्ग व्हिल्हेल्म स्टेलर या निसर्गशास्त्रज्ञाचे नाव या गरुडाला मिळाले आहे. त्याचे माहेर म्हणजे रशियाचा अतिपूर्वेकडील किनारा. कामचाटका द्वीपकल्प, ओखोत्स्क समुद्राचा काठ, आमूर नदीचे खोरे व साखालिन बेट एवढ्याच टापूत त्याची वीण होते. हिवाळ्यात समुद्र गोठू लागला की, पुष्कळसे गरुड कुरील बेटांकडे व जपानच्या होक्काइदो बेटाकडे उतरतात आणि तेथील तरंगत्या हिमखंडांवर बसून मासे मिळवतात. वजन पाच ते नऊ किलोग्रॅम आणि पसरलेल्या पंखांचा विस्तार सुमारे अडीच मीटरपर्यंत, असा हा जगातील सर्वांत वजनदार गरुडांपैकी एक होय. जगात त्यांची एकूण संख्या चार-पाच हजारांच्या घरात मानली जाते. अलास्काच्या पश्चिमेकडील बेटांवर व किनाऱ्यावर एखादा गरुड अधूनमधून येत असे. परंतु समुद्रापासून दूर, अलास्काच्या अंतर्भागात तो दिसणे ही अनपेक्षित गोष्ट होती.

त्यानंतर मार्च २०२१ मध्ये टेक्सास राज्यातील एका जलाशयावर असाच गरुड दिसला. ओखोत्स्कच्या बर्फातला पक्षी मेक्सिकोच्या आखाताच्या उबदार पट्ट्यात! त्या वर्षीच्या उन्हाळ्यात तो कॅनडाच्या क्वेबेक व न्यू ब्रन्सविक प्रांतांच्या सीमेवरील नदीकाठी आढळला; नोव्हेंबरमध्ये नोव्हा स्कोशियात; डिसेंबरमध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील टॉन्टन नदीवर; आणि वर्ष संपता संपता मेन राज्यातील जॉर्जटाउन या छोट्या बेटवजा गावाच्या किनाऱ्यावर. २०२२ च्या हिवाळ्याचा बराच भाग त्याने मेनमध्येच काढला. पुढे तो न्यूफाउंडलंडला गेला, फेब्रुवारी २०२३ मध्ये काही काळ मेनला परतला व पुन्हा न्यूफाउंडलंडच्या ट्रिनिटी उपसागराच्या आसपास दिसू लागला. आपल्या मुलखापासून सात-आठ हजार किलोमीटर अंतरावर त्याने एकट्याने दिवस काढले.

पक्षी असे का भरकटतात, याचे एकच एक उत्तर नाही. वादळ व प्रतिकूल वारे हे एक कारण. उपजत दिशाज्ञानात गफलत होऊन स्थलांतराच्या नेमक्या उलट दिशेला निघणे हे दुसरे. अनुभव नसलेल्या तरुण पक्ष्यांच्या बाबतीत हे अधिक घडते. काही पक्षी मात्र नव्या प्रदेशाचा शोध घेत हिंडत असावेत. भरकटणे म्हणजे प्रत्येक वेळी विनाशच असेही नाही. सायबेरियात वीण करणारी आणि हिवाळ्यात आपल्या दक्षिण आशियात येणारी रिचर्डची तीरचिमणी पश्चिम युरोपात पूर्वी केवळ चुकलेला पाहुणा समजली जाई. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने असे दाखवले की, यांपैकी काही पक्षी आता दक्षिण फ्रान्समध्ये वर्षानुवर्षे नियमाने हिवाळा घालवतात, म्हणजे स्थलांतराचा एक नवा मार्गच त्यांनी पाडला आहे. आजचा अपवाद उद्याचा परिपाठ होऊ शकतो. मात्र तो परिपाठ केव्हा सुरू झाला हे कळण्यासाठी पहिल्या अपवादांची विश्वासार्ह नोंद हाताशी हवी.

एकच पक्षी की पाच?

पाच-सहा प्रांतांत दिसलेला गरुड एकच होता, हे कसे ठरले? त्याच्या पायात क्रमांकाचे कडे नव्हते, पाठीवर उपग्रहाला संदेश देणारे यंत्रही नव्हते. पुरावा होता तो पंखांवर. पूर्ण वाढ झालेल्या प्रत्येक गरुडाच्या पंखांवर पांढऱ्या रंगाची वाटणी थोडी वेगळी असते. माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखी ती नेमकी नसली, तरी बारकाईने ताडून पाहता येण्याजोगी असते. अलास्कातील छायाचित्रांत पंखांवर दिसणाऱ्या पांढऱ्या खुणा आणि वर्षभरानंतर पूर्व कॅनडात घेतलेल्या छायाचित्रांतील खुणा एकमेकींशी जुळल्या. टेक्सासमधील पक्षीही तोच असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

येथे आणखी एक शंका निरस्त करावी लागली. सप्टेंबर २०२१ मध्ये पिट्सबर्ग शहरातील पक्षिसंग्रहालयातून याच जातीचा एक पाळीव गरुड निसटला होता. सुमारे आठवडाभराने तो पुन्हा पकडण्यात आला. नोव्हा स्कोशियात नोव्हेंबरमध्ये दिसलेला गरुड पिंजऱ्यातून सुटलेला तर नव्हे, असा प्रश्न त्यामुळे कोणाच्याही मनात यावा. अलास्कातील जुनी छायाचित्रे नसती, तर हा प्रश्न लोंबकळतच राहिला असता. दुर्मिळ पक्ष्यांच्या नोंदी तपासणाऱ्या समित्या नेहमी हेच विचारतात : पक्षी कोणता, तो खरोखर तेथेच होता काय, आणि तो स्वतःच्या पंखांनी आला काय? महसूल खात्यातील वाचकांना ही पद्धत परकी वाटू नये. पंचनाम्यातही वस्तू, जागा आणि ती तेथे आली कशी, याच तीन बाबींचा शोध असतो.

कातडे आणि चिठ्ठी

छायाचित्रण सुलभ होण्यापूर्वी पुराव्याची रीत वेगळी होती. पक्षी गोळी घालून मारायचा, त्याचे कातडे पेंढा भरून जतन करायचे आणि पायाला स्थळ व तारीख लिहिलेली चिठ्ठी बांधायची. त्या काळी ही रीत शास्त्रमान्य होती व त्या संग्रहांमुळेच आपले पक्षिविज्ञान उभे राहिले, हे नाकारता येत नाही. परंतु या पद्धतीत एक उणीव होती. कातडे खोटे बोलत नाही. चिठ्ठी बोलू शकते.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील हेस्टिंग्ज परिसरातून १८९२ ते १९३० या काळात आश्चर्य वाटावे इतक्या संख्येने दुर्मिळ पक्षी 'सापडले'. त्यांतील बरेचसे एकाच पेंढा भरणाऱ्या कारागिराच्या दुकानातून बाहेर पडले होते. परदेशात मारलेले पक्षी जहाजातून आणून स्थानिक म्हणून विकले गेले असावेत, असा संशय होता. १९६२ मध्ये 'ब्रिटिश बर्ड्स' या मासिकाने आकडेवारीच्या आधारे हे प्रकरण उजेडात आणले. पाचशेहून अधिक नमुने व नोंदी संशयास्पद ठरल्या आणि २९ जाती-उपजाती ब्रिटनच्या यादीतून तेव्हा वगळाव्या लागल्या. दुर्मिळ पक्ष्याला किंमत येते, किंमत आली की चिठ्ठी बदलण्याचा मोह होतो, आणि मग पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान गढूळ होते.

खानदेशातील रानपिंगळा

या गढूळपणाचा सर्वांत बोलका दाखला महाराष्ट्राशी निगडित आहे. रानपिंगळा हे छोटे घुबड १८७३ मध्ये शास्त्राला ज्ञात झाले. एकोणिसाव्या शतकात मध्य भारतातून व खानदेशातून त्याचे मोजकेच नमुने गोळा झाले आणि १८८४ नंतर हा पक्षी जणू नाहीसाच झाला. एक अपवाद मात्र नोंदलेला होता. कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवीजवळ रानपिंगळा मिळवल्याचे सांगितले होते. शोध घेणाऱ्यांना ही 'ताजी' नोंद स्वाभाविकच महत्त्वाची वाटे.

पुढे पामेला रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी माइनर्ट्‌झहागेनच्या संग्रहाची छाननी केली. तेव्हा असे सिद्ध झाले की, त्याने इतर संग्राहकांचे नमुने ब्रिटनच्या संग्रहालयातून चोरून, प्रसंगी नव्याने शिवून, त्यांवर स्वतःच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. मांडवीचा रानपिंगळाही असाच चोरीचा होता. ती नोंद बाजूला सारून अस्सल जुन्या नमुन्यांच्या स्थळांकडे लक्ष दिल्यावर, नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, जिवंत रानपिंगळा आढळला. तब्बल ११३ वर्षांनी! या वेळी कोणी बंदूक उचलली नाही. छायाचित्रे व चलच्चित्रण हाच पुरावा ठरला आणि जगाने तो मान्य केला.

यानंतर मेळघाटासह सातपुड्याच्या अन्य भागांत हा पक्षी आढळला. २०१४ मध्ये तो मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसा जलाशयाभोवतीच्या अभयारण्यात, म्हणजे सातपुड्यापासून बऱ्याच दक्षिणेला, आढळल्याने त्याच्या वसतिस्थानाची कल्पनाच बदलली. हा पक्षी वाट चुकून आला नव्हता. आपल्या माहितीचीच सीमा तोकडी होती. परिचित क्षेत्राबाहेर दिसलेला पक्षी हा भरकटलेला आहे की आजवर दुर्लक्षिला गेलेला रहिवासी आहे, हे एका छायाचित्राने ठरत नाही. त्यासाठी पुन्हा जावे लागते, आवाज ऐकावा लागतो, ऋतुमानाप्रमाणे नोंदी ठेवाव्या लागतात. पण शोधाचा आरंभ मात्र त्या पहिल्या चित्रापासून होतो.

पुरावा म्हणून छायाचित्र

स्पर्धेत पारितोषिक मिळवणारे चित्र आणि पुरावा म्हणून टिकणारे चित्र यांत फरक आहे. स्पर्धेसाठी पार्श्वभूमी धूसर हवी असते; पुराव्याला मागचे झाड, खडक वा बंधारा स्पष्ट दिसलेला बरा, कारण त्यावरून जागा ओळखता येते. शेजारी परिचित पक्षी असेल तर त्याला चौकटीतून वगळू नये. मेनमधील समुद्र गरुडाच्या जवळ अमेरिकेचा पांढऱ्या डोक्याचा गरुड बसला म्हणजे तो केवढा लहान दिसतो, हे पाहूनच पुष्कळांना पाहुण्याच्या आकारमानाची खरी कल्पना आली.

पहिले चित्र दुरूनच, आहे त्या ठिकाणाहून घ्यावे. ते अस्पष्ट आले तरी चालेल. पक्षी उडून गेला तर तेवढेच हाती राहते. मग जमल्यास चोच, पाय, शेपटी, आणि उडताना पंखांची वरची व खालची बाजू टिपावी. मोठा पक्षी संथ उडतो असे वाटले, तरी पंखांवरील खुणा सुस्पष्ट येण्यासाठी सेकंदाचा एक सहस्रांश भाग वा त्याहून कमी वेळ शटर उघडे राहील अशी योजना असावी. पायात कडे वा चामडी पट्टी नाही ना, शेपटीची पिसे पिंजऱ्याला घासून झिजलेली नाहीत ना, हे चित्रात दिसले तर पक्षी पाळीव असल्याची शंका तेथल्या तेथे मिटते.

प्रकाशाचा हिशेब थोडा अवघड असतो. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरच्या दृश्याची सरासरी काढतो. मागे बर्फ किंवा तळपते आकाश असेल, तर तो चित्र काळवंडून टाकतो व गडद पक्ष्याची केवळ आकृती उरते. म्हणून अशा वेळी प्रकाश वाढवावा, असे सर्वसाधारण मार्गदर्शन असते आणि ते योग्यच आहे. परंतु समुद्र गरुडासारख्या पक्ष्याच्या बाबतीत ओळखीच्या खुणा पांढऱ्या भागात आहेत. प्रकाश फार वाढवला तर हे पांढरे भाग कोरे होतात आणि कोऱ्या झालेल्या भागातून पुढे काहीच परत मिळवता येत नाही. त्यापेक्षा चित्र किंचित काळपट घेतलेले बरे. गडद भागातील तपशील नंतर बराचसा उजळता येतो. आपल्याकडील माळरानावर निराळीच अडचण येते. ऊन वर आले की जमीन तापून हवा थरथरू लागते आणि लांब पल्ल्याचे भिंग कितीही महागाचे असले तरी चित्र पाण्यातून पाहिल्यासारखे येते. त्याला सकाळी लवकर जाणे एवढाच इलाज आहे.

कॅमेऱ्यातील घड्याळ बरोबर लावलेले असावे. ही क्षुल्लक वाटणारी बाब आजच्या काळातील चिठ्ठीच होय. मूळ फाइल न बदलता जपून ठेवावी. प्रसिद्धीसाठी काटछाट करायची ती तिच्या प्रतीत. संगणकावर नसलेला पक्षी हुबेहूब रचणे आता कोणालाही शक्य झाले असल्याने, मूळ फाइल, त्याच पक्ष्याची लागोपाठची अनेक चित्रे आणि दुसऱ्या स्वतंत्र निरीक्षकाची नोंद यांचे महत्त्व पूर्वीपेक्षा वाढले आहे. हेस्टिंग्जच्या दुकानाला आता जहाजाचीही गरज नाही.

पाहुण्याचा जीव

या सर्व खटाटोपात पक्ष्याचे काय होते, हा प्रश्न उरतोच. मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत राहणारा मोठा काळा बाज एप्रिल २०१८ मध्ये टेक्सासच्या किनाऱ्यावर दिसला. अमेरिकेतील ती त्या जातीची पहिली नोंद होती. ऑगस्टमध्ये तोच पक्षी मेन राज्यात प्रकटला. पंखांच्या खालच्या बाजूच्या खुणा छायाचित्रांत जुळल्यामुळे तो तोच असल्याचे कळले. हिवाळ्यात तो पोर्टलंड शहरातील उद्यानात राहिला आणि शेकडो लोकांनी त्याला पाहिले. जानेवारी २०१९ मधील हिमवादळात त्याचे दोन्ही पाय गारठून निकामी झाले. त्याला उपचारासाठी नेण्यात आले, पण तो वाचण्याजोगा नव्हता व महिनाअखेर त्याला वेदनामुक्त मरण द्यावे लागले. त्याचा मृत्यू प्रेक्षकांमुळे झाला असे कोणी म्हणणार नाही. उष्ण प्रदेशातील पक्ष्याला ती थंडी झेपली नाही. मात्र अशा सीमेवर जगणाऱ्या पक्ष्याजवळ शक्तीचा साठा किती तुटपुंजा असतो, ते यावरून ध्यानात यावे. त्याला एकदा उगीच उडवले, तर त्या दिवसाच्या शिधातला एक घास आपण काढून घेतलेला असतो. उडतानाचे चित्र हवे असेल, तर तो आपणहून उडेपर्यंत वाट पाहावी. आमिष टाकणे, ध्वनिमुद्रित आवाज ऐकवून बोलावणे हेही अशा पक्ष्याच्या बाबतीत टाळलेच पाहिजे. पक्षी वारंवार मान वळवून आपल्याकडे पाहू लागला, खाणे थांबवले, अंग आवळून उंच झाला, की आपण फार जवळ आलो आहोत असे समजावे.

समुद्र गरुडाच्या दर्शनासाठी २०२१-२२ च्या हिवाळ्यात मॅसॅच्युसेट्स व मेन या राज्यांत दोन हजारांहून अधिक लोक आले आणि त्यांनी चार लाख डॉलरच्या आसपास खर्च केला, असा अंदाज अभ्यासकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. एका पक्ष्यामुळे खाणावळी, पेट्रोल पंप व निवासगृहे यांना आडहंगामात मिळालेले हे उत्पन्न होय. गावाच्या दृष्टीने ही संधीही असते आणि अडचणही. अरुंद रस्ते, खासगी आवारे, पाण्याकडे जाणारी एकच वाट, आणि त्यात दुर्बिणी घेतलेल्या माणसांची रांग! आपल्या एखाद्या तलावावर उद्या असा पाहुणा उतरला, तर ग्रामपंचायतीने वाहने कोठे उभी करायची ती जागा ठरवून द्यावी, कोणत्या बांधापुढे जाऊ नये त्याची दोरी बांधावी आणि शाळेतील मुलांना शिक्षकांसमवेत दुर्बिणीतून तो आधी दाखवावा. गावच्या तरुणांपैकी कोणी वाटाड्या होण्यास तयार असेल तर अधिकच चांगले. घरटे असल्यास मात्र स्थळ जाहीर न करणेच हिताचे.

कायद्याची बाजूही माहीत असावी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत केवळ मारणे येत नाही. आमिष दाखवणे, हाकणे, तसेच वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना व घरट्यांना उपद्रव देणे यांचाही तीत समावेश होतो. अभयारण्यात छायाचित्रणासाठी प्रवेश करावयाचा तर कलम २८ अन्वये मुख्य वन्यजीव रक्षकाच्या परवानगीची तरतूद आहे. क्षेत्रातील वनरक्षकाला आधी भेटून गेल्यास कामही सोपे होते आणि त्याच्या डोळ्यांखालून गेलेली नोंद अधिक भक्कमही ठरते.

छायाचित्राबरोबर अर्ध्या पानाचे टिपण जोडावे : तारीख, वेळ, गाव व शिवार, अंतर, हवामान, पक्षी काय करीत होता, सोबत कोणते पक्षी होते आणि आणखी कोणी पाहिले. ते टिपण त्याच दिवशी, पुस्तकात पक्षी शोधण्यापूर्वी लिहावे, म्हणजे पुस्तकातील वर्णन नकळत टिपणात उतरत नाही. ई-बर्ड या संगणकीय नोंदवहीत ते चित्रासह दाखल करता येते व तेथे अनुभवी परीक्षक असाधारण नोंदी तपासतात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे १८८६ पासून निघणारे नियतकालिकही अशा नोंदींचे जुने आणि मान्यवर भांडार आहे. अनेक पक्ष्यांच्या महाराष्ट्रातील पहिल्या दर्शनाचा शोध घेणाऱ्याला आजही त्याचीच पाने उलटावी लागतात.